सॉलिड-स्टेट सर्किट्स चॅप्टर सुरू करायचंय? मग सह्या सगळ्यात शेवटी घ्या

दर दोन-तीन महिन्यांनी कुठल्यातरी कॉलेजमधून किंवा कंपनीतल्या ओळखीच्या माणसाचा फोन येतो, की आम्ही आय ट्रिपल ईच्या सॉलिड-स्टेट सर्किट्स सोसायटीचं, म्हणजे एसएससीएसचं चॅप्टर काढतोय, पंधरा सह्या झाल्या, पण पिटिशन पुढे सरकत नाहीये. (आय ट्रिपल ई म्हणजे IEEE, इंजिनिअर लोकांची जागतिक संघटना; ही सोसायटी तिच्यातल्या चिपची सर्किट्स करणाऱ्यांची, चॅप्टर म्हणजे सोसायटीची स्थानिक शाखा, आणि पिटिशन म्हणजे ती काढायचा सह्यांचा अर्ज.) यादी मागवून बघितली की पंधरातले सात-आठ जण सोसायटीचे मेंबरच नसतात, दोघांची मेंबरशिप संपलेली असते आणि एकाचा पत्ता भलत्याच सेक्शनमध्ये, म्हणजे आय ट्रिपल ईच्या दुसऱ्याच भौगोलिक विभागात निघतो. माणसं चांगली असतात, उत्साह खरा असतो, फक्त क्रम उलटा झालेला असतो. म्हणून हे सगळं एकदा क्रमाने लिहून ठेवतोय. पुणे-मुंबईकडच्या लोकांना डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, पण नियम सगळीकडे तेच आहेत.

टप्पा १: कुठलं चॅप्टर हवंय ते आधी ठरवा

दोन प्रकार आहेत आणि लोक ते सर्रास एकात एक करतात.

सेक्शन चॅप्टर हे पुणे सेक्शन, बॉम्बे सेक्शन अशा एखाद्या सेक्शनच्या खाली चालतं. त्यात कंपन्यांमधले डिझायनर, प्राध्यापक, पीएचडीवाले सगळे येतात. त्याच्या पिटिशनला त्या सेक्शनमधल्या किमान १२ सोसायटी मेंबर्सच्या सह्या लागतात, आणि ते ग्रॅज्युएट स्टुडंट मेंबर किंवा त्याच्या वरच्या ग्रेडचे असावे लागतात. म्हणजे बीईच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलाची सही इथे धरली जात नाही, एमटेक-पीएचडीवाल्याची धरली जाते.

स्टुडंट ब्रँच चॅप्टर हे एका कॉलेजपुरतं असतं. कॉलेजात आय ट्रिपल ईची स्टुडंट ब्रँच आधीपासून चालू असायला हवी. इथे सोसायटीचे ६ विद्यार्थी मेंबर पुरतात आणि त्यात बीईवाले पण चालतात. सोबत एक प्राध्यापक सल्लागार लागतो आणि तो स्वतः सोसायटीचा मेंबर असायला हवा. हे शेवटचं वाक्य परत वाचा, कारण सरांचं नाव टाकलं आणि सर सोसायटीत नाहीत म्हणून अर्ज अडकला, हे मी माझ्या डोळ्यांनी दोनदा बघितलंय.

तिसरी शक्यता म्हणजे जॉइंट चॅप्टर. सर्किट्स अँड सिस्टीम्स किंवा इलेक्ट्रॉन डिव्हायसेस सोसायटीबरोबर मिळून एकच चॅप्टर काढायचं. आपल्याकडे एकट्या एसएससीएसचे मेंबर कमी सापडतात त्यामुळे हा पर्याय मोहात पाडतो, आणि बऱ्याच ठिकाणी तोच बरोबर पण असतो. फक्त एक लक्षात घ्या, की पुढे प्रत्येक सोसायटीशी वेगळा पत्रव्यवहार आणि वेगळे नियम सांभाळायचे असतात. दोन माणसांच्या टीमला ते झेपत नाही.

तपासा: तुमच्या सेक्शनमध्ये हे चॅप्टर आधीच आहे का? असेल आणि झोपलेलं असेल तर नवीन काढायच्या भानगडीत पडू नका, सेक्शनशी बोलून जुनंच जागं करा. ते कितीतरी सोपं जातं.

टप्पा २: मेंबरशिपची यादी (सगळ्या चुका इथेच होतात)

सही मागायच्या आधी प्रत्येक माणसाच्या चार गोष्टी बघायच्या. एक साधं एक्सेल शीट करा: नाव, मेंबर नंबर, आणि पुढे हे चार रकाने.

पहिला रकाना, सोसायटी. आय ट्रिपल ईचा मेंबर म्हणजे एसएससीएसचा मेंबर नाही! सोसायटीची मेंबरशिप वेगळी घ्यावी लागते, तिचे वेगळे पैसे भरावे लागतात. अर्ध्या लोकांना हे माहीतच नसतं, ते म्हणतात मी दहा वर्षं मेंबर आहे, आणि खरंच असतात, पण कॉम्प्युटर सोसायटीचे. प्रोफाइलमध्ये जाऊन सोसायटीचं नाव दिसतंय का ते त्यांच्याकडून बघून घ्या, तोंडी 'हो आहे' वर जाऊ नका.

दुसरा रकाना, चालू वर्ष. मेंबरशिप जानेवारी ते डिसेंबर चालते. डिसेंबरअखेर रिन्यू केलं नाही तरी फेब्रुवारीअखेरपर्यंत नाव एकदम काढत नाहीत, त्यामुळे जानेवारीत सगळं ठीक वाटतं आणि मार्चमध्ये यादीतून तीन-चार नावं गळतात. एका टीमचं असंच झालं, जानेवारीत बरोबर बारा नावं होती, सगळे खूश, अर्ज बघायला घेतला तेव्हा मार्च उजाडला होता आणि नावं उरली नऊ. माझा सल्ला सरळ आहे: जानेवारी-फेब्रुवारीत पिटिशन टाकूच नका, सगळ्यांचं रिन्यूअल झाल्यावर मार्च-एप्रिलमध्ये टाका.

नवीन मेंबर करायचे असतील तर तारखांचा फायदा घ्या. १ मार्च ते १५ ऑगस्टमध्ये जॉइन झालं तर अर्ध्या वर्षाची फी लागते. १६ ऑगस्टनंतर जॉइन झालं तर पूर्ण फी, पण मेंबरशिप पुढच्या वर्षाच्या डिसेंबरपर्यंत चालते. विद्यार्थ्यांना ऑगस्टच्या शेवटी जॉइन करायला लावणं सगळ्यात परवडतं, कॉलेज पण तेव्हाच नीट सुरू झालेलं असतं.

तिसरा रकाना, ग्रेड. वर सांगितलंच. बीई संपवून एमटेकला गेलेल्या मुलांची ग्रेड प्रोफाइलमध्ये जुनीच राहिलेली असते, ती बदलून घ्यायला सांगा.

चौथा रकाना, पत्ता. तुम्ही कुठल्या सेक्शनमध्ये मोडता हे प्रोफाइलमधल्या पत्त्यावरून ठरतं. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माणसाने घरचा बंगळूरचा पत्ता टाकला असेल तर तो पुणे सेक्शनच्या यादीत येणार नाही. हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलांचं तर हमखास असं होतं, कारण जॉइन करताना आधार कार्ड बघून गावचा पत्ता टाकलेला असतो.

सावधान: बाराला बारा नावं घेऊन निघू नका. अठरा-वीस नावं धरा. कोणी नोकरी बदलून हैदराबादला जातं, कोणी रिन्यू करत नाही, कोणाला पासवर्ड आठवत नाही.

टप्पा ३: काम करणारी चार माणसं

सही देणारे बारा मिळतात, काम करणारे चार मिळणं अवघड आहे. चेअर, व्हाइस चेअर, सेक्रेटरी, ट्रेझरर ही पदं नंतर, आधी बघा की महिन्यातून एक संध्याकाळ खरोखर कोण देऊ शकतं. माझ्या मते दोन कंपनीतले आणि दोन कॉलेजातले असा जोड जमतो. कंपनीवाल्यांकडे बोलणारे लोक आणि विषय असतात, कॉलेजवाल्यांकडे हॉल, प्रोजेक्टर आणि ऐकणारी मुलं असतात. सगळे एकाच कंपनीतले असले की टेपआउट, म्हणजे चिपचं डिझाइन कारखान्यात पाठवायची तारीख, जवळ आला की चॅप्टरच बंद पडतं, कारण सगळे एकाच वेळी रात्री ऑफिसात अडकलेले असतात. सगळे एकाच कॉलेजातले असले की परीक्षेच्या काळात तेच होतं.

पदाधिकारी होणारी माणसं सुद्धा सोसायटीची चालू मेंबर असायला हवीत, विसरू नका.

टप्पा ४: सेक्शनच्या लोकांशी बोला, आणि एक कार्यक्रम करून दाखवा

पिटिशन शेवटी सेक्शनकडून जाते. त्यामुळे सेक्शन चेअरना किंवा सेक्रेटरीला ती पहिल्यांदा सिस्टीममध्ये दिसायच्या आधी तुमच्याबद्दल माहिती असायला पाहिजे. एक मेल टाका, शक्य असेल तर भेटा. कोण आहोत, किती मेंबर दिसतायत, वर्षभरात काय करणार, एवढं एका पानात सांगा. सेक्शनकडे मेंबर्सची यादी काढायची सोय असते, एसएससीएसचे किती लोक आहेत हे तेच खात्रीने सांगू शकतात, त्यामुळे तुमच्या शीटवरची नावं त्यांच्याकडून पडताळून मिळतात का ते विचारा. यादीतले मेल आणि फोन ही खासगी माहिती आहे, ती सगळ्या ग्रुपवर फिरवू नका.

मग सेक्शनच्याच नावाखाली एक तांत्रिक व्याख्यान ठेवा. चॅप्टर नसताना. माझं ठाम मत आहे की हे केल्याशिवाय पिटिशन टाकूच नये, कारण एका कार्यक्रमात कळतं की लोक येतात का, कोण खुर्च्या लावायला थांबतं आणि कोण फक्त फोटोपुरतं येतं.

विषय घेताना 'सेमीकंडक्टरमधल्या संधी' असलं मोघम काही घेऊ नका, ते सगळीकडे चालू आहे. बँडगॅप रेफरन्स तापमानाबरोबर का सरकतो, पीएलएलमध्ये जिटर कुठून येतो, एसएआर एडीसीचा कपॅसिटर अ‍ॅरे लेआउटमध्ये कसा मांडायचा, असा एक नेमका विषय आणि रोज तेच काम करणारा माणूस बोलायला. चाळीस मिनिटं बोलणं, वीस मिनिटं प्रश्न.

आता एक गोष्ट जी चिप डिझाइनच्या कार्यक्रमात फार जपायची असते आणि बाकीच्या कार्यक्रमांमध्ये तिचा विचारच नसतो: एनडीए, म्हणजे गोपनीयतेचा करार. फाउंड्रीचा, म्हणजे चिप बनवणाऱ्या कारखान्याचा, पीडीके (तिथे चिप करायला लागणारे डिझाइनचे नियम आणि मॉडेल्स) या कराराखाली येतो. त्यातले डिझाइन रूल्सचे आकडे, ट्रान्झिस्टर मॉडेलचे पॅरामीटर, लेआउटचे लेयर दाखवणारे स्क्रीनशॉट हे स्लाइडवर आले तर बोलणाऱ्याची नोकरी धोक्यात येऊ शकते. म्हणून:

- वक्त्याला कंपनीची लेखी परवानगी घ्यायला किमान एक महिना द्या. लीगलवाले एका आठवड्यात उत्तर देत नाहीत.
- स्लाइड परवानगी मिळालेल्याच आहेत ना हे आदल्या दिवशी विचारा. ऐनवेळी 'अजून एक छान स्लाइड' घातली जाते तिथेच घोटाळा होतो.
- रेकॉर्डिंग करणार असाल तर ते वेगळं विचारा. बोलायची परवानगी आहे म्हणजे रेकॉर्डिंगची आहे असं नाही.
- आधीच छापून आलेल्या पेपरमधले आकडे वापरायला सांगा, तो सगळ्यात सुरक्षित रस्ता.

कॉलेजच्या लॅबमधली महागडी ईडीए टूल्स (चिप डिझाइनची सॉफ्टवेअर) वापरून बाहेरच्यांसाठी वर्कशॉप घेणार असाल तर लायसन्सचा करार आधी वाचा. युनिव्हर्सिटी लायसन्स कॉलेजच्या शिकवण्यासाठी दिलेलं असतं, त्यावर बाहेरच्या कंपनीतले लोक बसवता येतीलच असं नाही.

टप्पा ५: आता पिटिशन

इथपर्यंत नीट आला असाल तर हा टप्पा सगळ्यात छोटा आहे. आय ट्रिपल ईच्या व्हीटूल्समध्ये, म्हणजे चॅप्टरच्या कामकाजाच्या त्यांच्या ऑनलाइन सिस्टीममध्ये, पिटिशन भरता येते. चॅप्टर कुठल्या सेक्शनखाली, कुठली सोसायटी, पुढाकार घेणारा कोण आणि सह्या करणारे कोण, एवढं लागतं.

सह्यांसाठी लोकांना आपापल्या आय ट्रिपल ई अकाउंटने लॉगिन करावं लागतं, आणि पासवर्ड कोणालाच आठवत नसतो. म्हणून वर सांगितलेल्या व्याख्यानाच्या दिवशीच चहाच्या वेळेत सगळ्यांना फोनवर लॉगिन करून बघायला लावा. मग पिटिशन उघडल्यावर दोन-तीन दिवसांत सह्या होतात, नाहीतर महिनाभर प्रत्येकाच्या मागे लागत बसावं लागतं. दुसऱ्याच्या लॉगिनने सही करणं, कितीही ओळखीचा असला तरी, अजिबात नको.

सह्या पूर्ण झाल्या की सेक्शन, सोसायटी आणि वरची मंडळी यांच्या मंजुऱ्या लागतात. वेळ लागतो. दर आठवड्याला मेल टाकू नका, पण महिनाभर काहीच हालचाल दिसली नाही तर सेक्शनला एकदा नम्रपणे विचारा. बऱ्याचदा ती कोणाच्या तरी इनबॉक्समध्ये नुसती पडून असते.

तपासा: मंजुरी यायच्या आधी चॅप्टरचं नाव आणि लोगो लावून पोस्टर छापू नका.

टप्पा ६: मंजुरीनंतरचे पहिले तीन महिने

पदाधिकाऱ्यांची निवड करा आणि त्यांची नावं व्हीटूल्सच्या ऑफिसर रिपोर्टिंगमध्ये लगेच भरून घ्या. ही नावं सिस्टीममध्ये नसतील तर तुम्हाला कार्यक्रम टाकता येत नाहीत आणि सोसायटीचे मेल पण येत नाहीत. एका चॅप्टरची निधीसाठी अर्ज करायची मुदत सरळ हुकली, कारण सोसायटीचे सगळे मेल आधीच्या चेअरच्या बंद झालेल्या ऑफिस मेलवर जात होते. म्हणून चॅप्टरसाठी कायम राहील असा एक वेगळा मेल ठेवा.

पैशांबद्दल. चॅप्टर ही स्वतंत्र संस्था नाही, ते सेक्शनचा भाग आहे. स्वतःचं बँक खातं उघडायला धावू नका, आणि रजिस्ट्रेशनचे पैसे ट्रेझररच्या वैयक्तिक यूपीआयवर तर कधीच घेऊ नका. शंभर रुपये असले तरी नाही. सेक्शनच्या ट्रेझररबरोबर बसून विचारा की पैसे कुठे जमा करायचे, बिलं कोणाच्या नावाने घ्यायची, जीएसटीचं काय, आगाऊ रक्कम मिळते का. आधी विचारून खर्च करा, खर्च करून मग विचारलं की बिलं परत येतात.

पहिल्या वर्षी फार मोठं काही करू नका. दोन-तीन व्याख्यानं आणि एक हाताने करायचं वर्कशॉप, बास. वर्कशॉपसाठी आता लायसन्सची अडचण राहिलेली नाही. २०२० मध्ये स्कायवॉटरचा १३० नॅनोमीटरचा पीडीके गुगलच्या साथीने खुला झाला, त्याला एनडीए लागत नाही, त्यामुळे एक्सस्कीममध्ये सर्किट काढा, एनजीस्पाइसवर चालवा, मॅजिक किंवा केलेआउटमध्ये लेआउट करा, सगळं मुलांच्या लॅपटॉपवर होतं. अगदी नवख्या मुलांसाठी आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम हे सर्किटचं खुलं सॉफ्टवेअर बरं पडतं. आणि एसएससीएस स्वतः खुल्या टूल्सवर चिपॅथॉन नावाची स्पर्धा घेते, तिथपर्यंत एखादी टीम पोचवायची हे चॅप्टरसाठी फार चांगलं ध्येय आहे.

पण वर्कशॉप फसतं ते विषयामुळे नाही, इन्स्टॉलेशनमुळे. ऑस्ट्रियातल्या लिंट्सच्या योहानेस केपलर विद्यापीठाने सगळी टूल्स एकत्र केलेली डॉकर इमेज, म्हणजे एकदम उतरवून चालवायचं तयार पॅकेज, आहे, ती सोयीची आहे, पण काही जीबींची आहे, आणि चाळीस मुलं एकाच वेळी कॉलेजच्या वायफायवर ती उतरवायला लागली की पहिला अर्धा दिवस गेलाच समजा. आठवडाभर आधी मुलांना उतरवून घ्यायला सांगा, तरी पाच-सहा पेनड्राइव्हवर कॉपी ठेवा, आणि आदल्या दिवशी तीन वेगवेगळ्या लॅपटॉपवर, त्यात एक जुना विंडोजवाला, पूर्ण लॅब सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून बघा. करंट मिररसारखं छोटं सर्किट घ्या. पहिल्या दिवशी ऑपअँप घेऊ नका, अर्धी मुलं बायसिंगमध्येच हरवतात.

टप्पा ७: बाहेरचा वक्ता बोलवणे

एसएससीएसची डिस्टिंग्विश्ड लेक्चरर योजना आहे. सोसायटीने निवडलेले वक्ते दोन वर्षांसाठी यादीत असतात आणि चॅप्टर त्यांना बोलवू शकतं. चॅप्टर काढायचं हे मला वाटतं सगळ्यात मोठं कारण आहे, कारण ज्यांचे पेपर आपण वाचतो ती माणसं समोर बसून प्रश्नांची उत्तरं देतात. क्रम असा ठेवा:

१. यादी बघून विषय निवडा, नाव नाही. तुमच्या भागात मेमरीवाले जास्त असतील तर आरएफचा कितीही मोठा माणूस आणला तरी हॉल रिकामा राहतो.

२. चार-पाच महिने आधी लिहा, दोन-तीन तारखांचे पर्याय द्या. फेब्रुवारी टाळा, कारण तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत आयएसएससीसी ही सॉलिड-स्टेट सर्किट्सची मोठी आंतरराष्ट्रीय परिषद असते आणि या क्षेत्रातले सगळे तिकडे असतात. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरची सुरुवात पण टाळा, तेव्हा त्याच परिषदेचे पेपर पाठवायची धावपळ असते. जानेवारीत भारतात व्हीएलएसआय डिझाइन परिषद होते, त्यासाठी कोणी येणारच असेल तर एक दिवस पुण्याला वळवणं सोपं जातं.

३. बंगळूरसारख्या ठिकाणच्या चॅप्टरला विचारा. एका फेरीत दोन-तीन शहरं झाली तर सोसायटी पण खूश, वक्ता पण खूश.

४. प्रवासाचा कुठला खर्च सोसायटी देणार आणि राहण्या-जेवणाचा कुठला तुम्ही, हे तिकीट काढायच्या आधी लेखी घ्या. आधी तिकीट, मग मंजुरी असं झालं तर पैसे अडकतात.

५. परदेशी वक्ता असेल तर व्हिसा कोणता लागेल हे त्यांना लवकर बघायला सांगा, निमंत्रणाचं पत्र वेळेत द्या.

कार्यक्रम ऑनलाइन पण करता येतो, पण मुलांना समोरासमोर बसून प्रश्न विचारायला मिळाला की फरक पडतो, तेव्हा वर्षातून एक तरी प्रत्यक्ष जमवाच. आणि मार्चमध्ये एक संध्याकाळ अशी ठेवा की चॅप्टरमधल्याच चौघांनी त्या वर्षीच्या आयएसएससीसीतला प्रत्येकी एक पेपर वाचून समजावून सांगायचा. खर्च शून्य, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त प्रश्न याच कार्यक्रमात येतात.

टप्पा ८: रिपोर्टिंग

चॅप्टर चालू राहायला वर्षात किमान दोन तांत्रिक बैठका लागतात, आणि त्या व्हीटूल्समध्ये नोंदवलेल्या असल्या तरच त्या झाल्या असं धरलं जातं. सहा कार्यक्रम केले आणि एकही नोंदवला नाही तर कागदावर तुम्ही बंद आहात.

नोंदवताना होणाऱ्या चुका: यजमान म्हणून चॅप्टरऐवजी सेक्शन किंवा स्टुडंट ब्रँच निवडली जाते, मग कार्यक्रम दुसऱ्याच्या खात्यात जमा होतो. मेंबर आणि पाहुणे यांची संख्या वेगवेगळी भरायची असते, तिथे एकच आकडा टाकला जातो. आणि सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे वर्षाचे सगळे कार्यक्रम एकदम फेब्रुवारीत भरायला बसणं, तोवर हजेरीचा कागद सापडत नाही. कार्यक्रम संपला की त्याच आठवड्यात, दारात घेतलेल्या हजेरीवरून सेक्रेटरीने भरून टाकायचं. हजेरीत मेंबर नंबरचा रकाना ठेवा.

टप्पा ९: दुसऱ्याच्या हातात देताना

विद्यार्थ्यांच्या चॅप्टरमध्ये तर दर वर्षी अख्खी टीम पास होऊन जाते. निवडणूक शेवटच्या सेमिस्टरच्या आधी घ्या, म्हणजे जुने आणि नवे दोन-तीन महिने एकत्र काम करतील. हातात द्यायच्या गोष्टी: चॅप्टरच्या मेलचा पासवर्ड, मेंबरचं शीट आणि त्यात कोणाची मेंबरशिप डिसेंबरला संपतेय ती नावं, बिलांची फाइल, ज्या वक्त्यांशी बोलणं चालू आहे त्यांचे मेल, आणि हॉलच्या चाव्या ज्यांच्याकडे असतात त्या मामांचा नंबर. नव्या चेअरने पहिल्याच दिवशी स्वतः व्हीटूल्समध्ये लॉगिन करून चॅप्टरचं नाव यजमानांच्या यादीत दिसतंय का ते बघायचं, आणि नसेल दिसत तर त्याच संध्याकाळी सेक्शनच्या सेक्रेटरीला मेल टाकायचा.